एक दोरी हत्ती

माझं खरं नाव विलासिनी, पण ते फक्त बँकेला आणि डॉक्टरला माहीत आहे. बाकी सगळीकडे मी कोप, म्हणजे बेडूक. लहानपणी गाल फुगवून रुसायचे म्हणून आईनं ठेवलेलं नाव. स्वभाव बदलला नाही, त्यामुळे नावही टिकलं. काम बँकॉकमध्ये, यंत्राला थाई बोलायला शिकवायचं. त्यातला माझ्या वाट्याचा भाग सांगितला की लोक आधी हसतात. मी यंत्राला मोजायला शिकवते.

आकडे नव्हेत. आकडे यंत्राला माझ्यापेक्षा चांगले येतात. पण आमच्या भाषेत नुसतं 'तीन हत्ती' म्हणून सुटका होत नाही, आकड्यामागे त्या त्या गोष्टीचा मोजशब्द यावा लागतो. छत्री आणि मोटार एकाच शब्दानं मोजायच्या, सुरी आणि पुस्तक दुसऱ्याच एका शब्दानं. भिक्षूंना वेगळा, तुम्हाआम्हाला वेगळा, राक्षसांना आणखी वेगळा. जनावरांसाठी जो शब्द आहे त्याचा सरळ अर्थ अंग. मांजर दोन अंग, वाघ एक अंग. टेबल, खुर्ची आणि सदराही अंगानंच मोजतात. हातपाय असले की झालं, एवढीच आमची समजूत. हत्तीचं मात्र तसं नाही. रानातला हत्ती एक अंग. माणसाळलेला, ज्याचा कुणी माहूत आहे असा हत्ती एक दोरी. बाजारात बोलताना एवढं कुणी पाळत नाही, पण लिहिताना पाळतात, आणि आमच्या शाळेत चुकलं तर छडी बसायची.

यंत्राला हे शिकवायला छडी चालत नाही. त्याच्यापुढे डोंगराएवढा मजकूर ओतायचा आणि आजूबाजूच्या शब्दांवरून मोजशब्द निवडायची सवय लावायची. ते निवडतं, बहुतेक वेळा बरोबर निवडतं, पण का निवडलं ते सांगू शकत नाही. तो 'का' शोधण्यासाठी मला पगार मिळतो असं मी मानते. आमच्या साहेबांचं मत वेगळं आहे.

तर चंथाबुरीच्या जंगलाकडेला आमचं यंत्र बसवलेलं होतं. तिथे रानहत्ती कसाव्याच्या शेतात आणि ड्युरियनच्या बागांत उतरतात, माणसं तुडवली जातात. म्हणून जंगलाच्या कडेनं खांब उभे केलेत. खांबावर कॅमेरा, त्याखाली कर्णा. हत्ती दिसला की कर्ण्यातून माणसाच्या आरोळ्या सुटतात आणि हत्ती बुजून मागे फिरतो. तेवढ्यात एक यंत्र चित्राचं एका ओळीत वर्णन लिहितं, आणि त्या वर्णनावरून माझं यंत्र गावकऱ्यांच्या फोनवर निरोप धाडतं. ओढ्याकाठी हत्ती एक अंग, घरातच थांबा, असा.

तो मोजशब्द तिथे शोभेला नसतो. वरच्या धबधब्याजवळ पर्यटकांसाठी हत्तींचे तळ आहेत, तिथला एखादा हत्ती साखळी तोडून भटकत खाली येतो. निरोपात 'अंग' आलं तर लोक दारं लावून दिवे मालवतात. 'दोरी' आलं तर कुणाचा तरी हत्ती सुटलाय असं समजून ऊस आणि केळी घेऊन बाहेर पडतात, त्याला गोंजारून धरून ठेवतात आणि माहुताला बोलावतात. वाचून पुढं काय करायचं ते कुणाला वेगळं सांगावं लागत नाही.

त्या संध्याकाळी निरोप गेला, ओढ्याकाठी हत्ती एक दोरी. अर्धं गाव केळीचे घड घेऊन ओढ्याकडे निघालं. हत्तीण खांबासमोर उभी होती. जवळ गेल्यावर लोकांच्या लक्षात आलं की गळ्यात घंटा नाही, पायात साखळीचा तुकडा नाही, आणि अंगावर रानातल्या चिखलाचं पूट चढलेलं आहे. मग जी पळापळ झाली तिच्यात एकाची मोटारसायकल खड्ड्यात गेली आणि केळी सगळी तिथंच राहिली. कुणाला लागलं नाही हे नशीब. हत्तीणही केळ्यांना न शिवता निघून गेली.

दुसऱ्या दिवशी जंगल चौकीचा प्रमुख वीरायुत याचा फोन आला. माणूस तरुण, बोलणं तोडून. म्हणाला, तुमच्या यंत्रानं काल माझी माणसं मारली असती. साहेबांनी लगेच कबूल करून टाकलं, की त्या जिल्ह्यापुरता 'दोरी' हा शब्दच काढून टाकू, अर्ध्या तासाचं काम आहे, कोप करेल. कारण न कळता काही पुसून टाकायला सांगितलं की माझं डोकं फिरतं. मी म्हटलं, आधी बघून येते. साहेब म्हणाले, बघण्यासारखं काय आहे त्यात. मी उत्तर न देता बसचं तिकीट काढलं.

चौकी म्हणजे पत्र्याचं छप्पर, लांबरुंद ओसरी आणि तीन कुत्री. वीरायुतनं चहा दिला आणि लगेच भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. येत्या सोमवारी खात्याची बैठक होती. ही हत्तीण कित्येक आठवडे रोज संध्याकाळी त्याच ओढ्याकाठी येत होती. रोज शेतात येणाऱ्या हत्तीला भुलीचं इंजेक्शन देऊन पकडतात आणि डोंगरापलीकडच्या कुंपणाच्या आवारात नेऊन सोडतात. तिथून कुठलाही हत्ती परत रानात आल्याचं ऐकिवात नाही. वीरायुतला ते मनापासून आवडत नव्हतं, पण एखादा माणूस मेल्यावर त्याच्या घरी जाण्यापेक्षा ते बरं, असं तो म्हणाला.

"आणि त्यात ती थविल मावशी," तो म्हणाला. "निरोप आल्यापासून सगळ्यांना सांगत सुटलीय, ही माझी हत्तीण आहे, यंत्रानंसुद्धा ओळखली. आता मी यंत्राशी भांडू की मावशीशी?"

थविल मावशीची गोष्ट त्यानं थोडक्यात सांगितली. ती सुरिनकडची, कुई जातीची. त्या लोकांचा पिढ्यान् पिढ्यांचा धंदाच हत्ती. नवरा बुनलुआ धबधब्याजवळच्या तळावर माहूत होता आणि त्याच्या हत्तिणीचं नाव बुआलॉय. महामारीत पर्यटक बंद झाले, तळ ओस पडला, बाकीचे माहूत आपापले हत्ती चालवत सुरिनला परतले. बुनलुआही निघणार होता, पण त्याआधीच तापानं फणफणला. गाडी येऊन त्याला घेऊन गेली आणि परत आलं ते अस्थींचं मडकं. बुआलॉय तळावर शेजाऱ्याच्या भरवशावर बांधलेली होती. तिनं एके दिवशी साखळी तोडली आणि रानात गेली ती गेलीच. मावशी गावी परतली नाही. जंगलासमोरच्या रस्त्यावर तिनं सोमतमची, म्हणजे कच्च्या पपईच्या कोशिंबिरीची, गाडी टाकली, पपई कुटत बसायची आणि झाडांकडे बघत बसायची.

"मग तिला ओळख पटवू दे ना," मी म्हटलं.

त्यानं फोटो पुढे केले. चिखलानं माखलेली, संधिप्रकाशातली एक राखाडी हत्तीण, डावा कान फाटलेला. इथल्या रानातल्या निम्म्या माद्यांचे कान फाटलेले आहेत, तो म्हणाला. कातडीखाली नोंदीची चकती असेल तर ती वाचायला हात लावण्याइतकं जवळ जावं लागतं, आणि ते कोण जाणार. मावशीचं काय, तिला ढगातसुद्धा बुआलॉय दिसते. शिवाय हत्तीण तिची ठरली तरी तिला मिळणार नव्हती. ती ठरणार दिराची. तो सुरिनला बसून वाटच बघत होता. समुद्राकाठच्या एका खेळांच्या तळावर हत्तीण लावायचं त्याचं आधीच बोलून झालं होतं.

मी ओसरीवर माझा संगणक उघडला आणि त्या संध्याकाळची ओळ काढली. 'संध्याकाळी ओढ्याकाठी खांबासमोर हत्तीण, एकटी, पुढचा उजवा पाय गुडघ्यात दुमडून उभी.' आधीच्या दिवसांच्या ओळी तपासल्या. सगळ्यांत ओढा होता, खांब होता, हत्तीण होती. पायाचा उल्लेख नव्हता. त्या चित्रांत पाय कसाव्याच्या झाडोऱ्याआड गेले होते. नेमकं त्याच दिवशी शेतकऱ्यानं तो कोपरा कापला होता.

मग मी माझा आवडता खेळ सुरू केला. एकेक शब्द काढायचा आणि यंत्राला पुन्हा विचारायचं. संध्याकाळ काढली, तरी दोरी. ओढा काढला, दोरी. एकटी काढलं, दोरीच. शेवटी दुमडलेला पाय काढला, आणि यंत्र गुमान म्हणालं, अंग. पाय परत घातला, दोरी. मी उगाच तीनचारदा काढघाल केली, इतकी मजा वाटली.

एवढ्यात थविल मावशी जेवण घेऊन आली. मी आल्याचं तिला कुणी सांगितलं कोण जाणे. साठीच्या आसपासची, बुटकी, पपई कुटून कुटून दंड भरलेले. सोमतम, भाजलेली कोंबडी आणि चिकट भाताची टोपली तिनं माझ्या संगणकाच्या अगदी शेजारी ठेवली, आणि पडद्याकडे बघत विचारलं की हेच का ते, ज्यानं बुआलॉयला ओळखलं.

"मावशी, यंत्रानं कुणालाही ओळखलेलं नाही," मी म्हटलं. मला ह्या एका बाबतीत धीर धरवत नाही. "त्यानं हत्ती पाहिलासुद्धा नाही. त्याच्यापुढे एक ओळ आली. ओळीत लिहिलं होतं की पाय दुमडलेला आहे. त्यानं आजवर जे जे वाचलंय त्यात पाय दुमडणाऱ्या हत्तीजवळ नेहमी माणूस असतो. म्हणून दोरी. एवढंच. कळण्याबिळण्याचा काही संबंध नाही."

"पाय दुमडलेला?" मावशीनं विचारलं. "कुठला?"

"उजवा. पुढचा."

ती खुर्चीत बसली. बुनलुआ उजव्या बाजूनंच चढायचा, ती म्हणाली. हत्ती पाय दुमडतो तो माहुताला वर चढायला पायरी म्हणून. रानातला हत्ती कशाला दुमडेल? त्याच्यावर कोण चढणार आहे?

वीरायुत म्हणाला, काटा रुतला असेल. पाय दुखरा असेल. मीही तेच म्हणणार होते, पण दुखरा पाय हत्ती टेकवत नाही एवढंच; गुडघ्यात दुमडून पुढे धरत नाही. आणि मला दुसराच प्रश्न सतावायला लागला होता. तिथं चढायला कुणी नव्हतं. समोर होता तो नुसता लोखंडी खांब. मग ती पाय कुणासाठी दुमडत होती?

"तुझ्या यंत्राला नाही कळलं म्हणतेस," मावशी म्हणाली. "तुला कळलं का?"

"नाही," मी म्हटलं. खोटं कशाला बोला. "आज संध्याकाळी बघू."

संध्याकाळी वीरायुतच्या पिकअपमधून आम्ही तिघं निघालो. मावशी पुढे, मी मागच्या हौद्यात कुत्र्यांबरोबर, कारण मी पाहुणी असले तरी वयानं मावशी मोठी. ओढ्याच्या अलीकडे रबराच्या बागेत गाडी लावली. तिथून खांब समोर दिसत होता. वीरायुतनं बजावलं, कुणी खाली उतरायचं नाही. गाडीचं इंजिन त्यानं चालू ठेवलं आणि तोंड परतीच्या दिशेला करून ठेवलं.

ती आली तेव्हा उजेड बराच होता. झाडीतून आवाज न करता बाहेर आली आणि कसाव्याकडे न बघता ओढ्याच्या दिशेनं चालत राहिली. खांबावरचा दिवा लुकलुकला. कर्ण्यातून पुरुषाची आरोळी सुटली, मोठी, घोगरी, शेवटचा स्वर लांबवत नेलेली. पुन्हा एकदा. पुन्हा एकदा. शब्द मला कळत नव्हते, थाई नव्हतेच ते. पण अशा आवाजानं मी असते तर नक्की पळाले असते.

हत्तीण पळाली नाही. उलट पावलं उचलून खांबापाशी आली, बाजूला वळली, आणि उजवा पाय गुडघ्यात दुमडून उभी राहिली.

मावशीनं गाडीच्या खिडकीचा काठ घट्ट धरला होता. मी हौद्यातून वाकून बघितलं, तर ती हत्तिणीकडे बघतच नव्हती. ती कर्ण्याकडे बघत होती.

"हा आवाज तुम्ही कुठून आणलात?" तिनं विचारलं.

वीरायुतला नीट माहीत नव्हतं. त्याच्या आधीच्या प्रमुखाच्या काळात, महामारीच्या आधी, खात्यानं तळावरच्या माहुतांना बोलावून आरोळ्या ध्वनिमुद्रित करून घेतल्या होत्या. हत्ती हाकलताना जसं ओरडता तसं ओरडा, असं सांगून. कुई बोली चौकीतल्या कुणालाच येत नाही. पण आवाज दणकट होता, हत्ती पळत होते, मग बाकी काय ओरडलाय ह्याची चौकशी कोण करतो. मधे पावसात कर्णा बिघडला होता, यंदाच्या उन्हाळ्यात दुरुस्त करून ह्या खांबावर लावला. आणि त्यानंतरच ही हत्तीण रोज यायला लागली, हे त्याच्या बोलता बोलता लक्षात आलं. तो मधेच थांबला.

"हाकलायला त्याला कुठं येत होतं," मावशी म्हणाली. "आयुष्यात हत्ती हाकलला नाही त्यानं. रोज संध्याकाळी काम संपलं की जे म्हणायचा तेच ओरडलाय. चल गं, घरी जाऊ."

कर्णा पुन्हा ओरडला, कारण हत्ती समोरून हलेपर्यंत ओरडत राहायचं, असंच त्याला लावून दिलेलं आहे. आता शब्द कळल्यावर तो आवाज मला ऐकवेना. रानहत्तींना कुठल्याही माणसाचा दणदणीत आवाज चालतो, त्यांच्या दृष्टीनं माणूस म्हणजे संकट. ही एकटी अशी होती जिला शब्द कळत होते.

"म्हणजे दोरीच," वीरायुत हळू आवाजात म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. बैठकीत सांगता येईल, हत्तीण पाळीव आहे, भूल द्यायला नको, आवारात न्यायला नको. कुटुंबातल्या कुणाला तरी बोलावू, दोर लावून नेईल. त्याला खरंच बरं वाटलं होतं, आणि मला त्याचा राग येऊ शकला नाही. दोर लावणार तो दीरच, हे त्याच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. कुई लोकांत बाईनं हत्तीच्या दोराला हात लावायचा नसतो. बुनलुआचा दोर दिराच्या घरच्या देवळीत टांगलेला होता आणि मावशीनं तो लग्नापासून लांबूनच पाहिलेला होता.

मावशीचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. हत्तीण पाय दुमडून वाट बघत होती. किती वेळ, मी मोजलं नाही. तीन पायांवर एवढं वजन तोलणं सोपं नसतं, पाय थरथरायला लागला. शेवटी तिनं पाय खाली टेकवला, सोंडेनं खांब वरपासून खालपर्यंत हुंगला आणि वळून झाडीकडे निघाली. ती वळताना पुन्हा कॅमेऱ्यात आली असावी. कर्णा ओरडला. ती थांबली, परत आली आणि पुन्हा पाय दुमडला.

"बंद कर ते," मावशी म्हणाली.

वीरायुतनं फोनवरून बंद करायचा प्रयत्न केला, पण त्याच्या फोनला बागेत रेंज नव्हती.

"बंद कर म्हणते ना. रोज ती त्याला न्यायला येते आणि रोज रिकाम्या पाठीनं परत जाते. माणसं आहात की कोण?"

त्यानं शिवी हासडली, ती कुणाला उद्देशून ते माहीत नाही, आणि गाडीतून उतरून बागेच्या कडेनं वाकत वाकत मागच्या बाजूच्या बॅटरीच्या पेटीपर्यंत गेला. तार उपटली. आरोळी मधेच तुटली. तो परत येईपर्यंत मी त्याच्यावरच नजर ठेवून होते, आणि तो आला तेव्हा मावशी गाडीत नव्हती.

ती ओढ्यापर्यंत गेली होती. मधे पाण्याची बारीक धार आणि गुडघाभर चिखल, पलीकडे हत्तीण. वीरायुतनं हाक मारली नाही, हाक मारली असती तर हत्तीण बिथरली असती. मी हौद्यात उभी राहिले. मावशी कमरेवर हात ठेवून उभी होती, गाडीवर गिऱ्हाइकाशी बोलताना उभी राहते तशीच, आणि काहीतरी सांगत होती. कुई बोलीत, चढ्या आवाजात नाही, रडून नाही. बराच वेळ सांगत होती. मधे एकदा तिनं हातानं आभाळाकडे नाही, तर रस्त्याकडे दाखवलं, ज्या रस्त्यानं गाडी बुनलुआला घेऊन गेली होती. हत्तिणीनं सोंड लांब करून तिचं डोकं, खांदे, पपईचा वास येणारे हात हुंगले. मग सोंड आखडून घेतली. पाय तिनं पुन्हा दुमडला नाही. काही वेळ तशीच उभी राहिली आणि झाडीत गेली.

मावशी चिखलानं माखून परत आली. मी विचारलं काय सांगितलंत. विचारायला नको होतं, पण मला राहवत नाही.

"तो गेला म्हणून सांगितलं," ती म्हणाली. "तिला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याला नेलं तेव्हा मी गाडीमागं धावत होते, तिच्याकडं कोण बघणार. ती आपली अजून वाट बघतेय." मग तिनं चपला झटकल्या आणि वीरायुतला म्हणाली, "सोमवारी अंग म्हणून सांग."

वीरायुतनं तिला समजावलं. सकाळपर्यंत दोरी, दोरी म्हणून तुम्हीच सगळ्यांचं डोकं खाल्लंत. रानातली ठरली आणि पुन्हा एकदा जरी शेतात आली, तरी मला तिला आवारात पाठवावंच लागेल. मग मी काही करू शकणार नाही.

"आवाज नसला तर कशाला येईल?"

"आणि आली तर?"

मावशीनं झाडीकडे पाहिलं. तिला किती हवी होती ती हत्तीण, हे मी दिवसभर पाहिलं होतं. तिच्या घरात माणूस उरलेला नव्हता, आणि जे होतं ते आत्ता झाडीत गेलं होतं. "दोरी म्हटलं की दीर येणार," ती शेवटी म्हणाली. "तो तिला समुद्राकाठी बॉल खेळायला लावेल. आली तर माझं नशीब. तू अंग म्हण."

तो हो म्हणाला. परतीच्या वाटेवर तो मागच्या खिडकीतून मला म्हणाला, "ताई, तुमचं यंत्र बरोबर होतं आणि मी सोमवारी बैठकीत खोटं सांगणार." मी म्हटलं, यंत्र बरोबर नव्हतं, त्याला फक्त पाय दिसला होता. आणि खोटं तूही सांगणार नाहीस. आत्ता ओढ्याकाठून जी गेली ती कुणाची होती ते मला सांग. त्याच्या कुत्र्यानं सगळ्या रस्त्यात माझ्या मांडीवर डोकं ठेवलं होतं.

कर्ण्यातला आवाज आम्ही दुसऱ्या दिवशी काढून टाकला आणि मधमाश्यांचा गुणगुणाट घातला, हत्ती त्यालाही भितात. पुसण्याआधी मी मावशीला विचारलं, हा आवाज तुमच्या फोनवर घालून देऊ का? तिनं क्षणभर हात पुढे केला आणि मागे घेतला.

"नको बाई. रोज ऐकला तर मीपण उठून दारात जाऊन उभी राहीन."

मी तो पुसला नाही, माझ्याकडे ठेवलाय. पुढेमागे तिचं मन बदललं तर असावा. 'दोरी' हा शब्दही मी यंत्रातून काढला नाही, साहेबांना सांगितलं की बिघाड कर्ण्यात होता, आणि ते तसं खरंच होतं.

त्यानंतर मी बँकॉकला आले, पण त्या खांबाचे निरोप माझ्या फोनवर यायची सोय करून ठेवली. सबंध पावसाळा फोन वाजला की आधी खांबाचं नाव बघायचे. दुसऱ्या खांबांचे निरोप यायचे, ओढ्याकाठचा यायचा नाही. वीरायुत मधूनमधून फोन करून नुसतं म्हणायचा, "नाही आली." मी म्हणायचे, "बरं." एवढ्यासाठी दोघंही फोन करत होतो. मावशी मात्र कधी फोन करत नसे. गाडीवर बसून ती आता झाडांकडे पाठ करून पपई कुटते, असं त्यानं सांगितलं.

थंडी सुरू झाली तेव्हा, एका संध्याकाळी मी भात लावत असताना, ओढ्याकाठच्या खांबाचा निरोप आला. मी भांडं ठेवून फोन उचलला. 'ओढ्यापलीकडे हत्ती पाच अंग, जंगलाच्या दिशेनं जात आहेत. घरातच थांबा.' चित्र उघडलं. धूळ, संधिप्रकाश, मागून दिसणाऱ्या राखाडी पाठी, एकमेकींना लागून चाललेल्या. त्यात एक पिल्लू. शेतात कुणी उतरलेलं नव्हतं, कॅमेऱ्याकडे कुणी बघत नव्हतं, पाय सगळ्यांचे जमिनीवर होते.

थोड्या वेळानं मावशीचा फोन आला. पहिल्यांदाच. तिलाही निरोप गेलाच होता, सगळ्या गावाला जातो.

"पाच आहेत म्हणे," ती म्हणाली.

"हो, पाच."

"तुझ्याकडं मोठं चित्र असेल. फाटक्या कानाची आहे का त्यांच्यात?"

मी चित्र मोठं केलं. दोघींचे कान फाटलेले होते. आणखी मोठं केलं असतं, उजेड वाढवला असता, डावा की उजवा ते बघितलं असतं, तर मला बहुधा सांगता आलं असतं. हे शोधून काढणं हेच तर माझं काम.

"कळत नाही, मावशी," मी म्हटलं. "सगळ्या सारख्याच दिसतायत."

"यंत्राला?"

"यंत्राला तर मुळीच नाही."

पलीकडे पपई कुटण्याचा आवाज सुरू झाला, गिऱ्हाईक आलं असावं. "छान," ती म्हणाली. "कळू देऊ नकोस." आणि तिनं गिऱ्हाइकाला मिरच्या किती घालू म्हणून विचारलं.